करकोच्याची जागा

पार्सिपनीत हिवाळ्यात माणसं एकमेकांना गाडीवरून ओळखतात. चेहरे टोप्यांत आणि मफलरांत गेलेले असतात, गाड्या तेवढ्या उघड्यावर असतात. हिमानी आणि अनीशची गाडी ओळखायला तर काहीच कष्ट नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात माणूस ज्या उत्साहात असतो, त्या उत्साहात अनीशने दोघांची नावं जोडून नंबरप्लेट करून घेतली होती. प्लेटवर सातच इंग्रजी अक्षरं बसत होती, त्यामुळे मधला एक स्वर गळाला आणि 'हिम्निश' असं काहीतरी तयार झालं. तिथल्या मराठी मंडळातली मुलं त्याला हिम्निश काका म्हणत. हिमानीला तेव्हा ते गोड वाटलं होतं. हल्ली तिला वाटायचं, इतरांसारखे साधे आकडे असते तर बरं झालं असतं.

कारण या जानेवारीत तिला कोणाच्या नजरेत यायचं नव्हतं. तिला दिवस गेले होते, तिसरा महिना अजून संपायचा होता, आणि ही तिसरी वेळ होती. पहिली इतकी लवकर गेली की दोघांशिवाय कोणाला कळलीच नाही. दुसऱ्या वेळी मात्र त्यांनी सांगून टाकलं होतं. मंडळाच्या गणपतीत, आरती झाल्यावर, प्रसादाच्या रांगेत. सांगायला अर्धी संध्याकाळ पुरली. परत सांगायला अख्खा हिवाळा गेला.

'परत सांगणं' हा त्यांच्या घरातला शब्द होता. ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांना एकेकाला गाठून सांगायचं की नाही, आता काही नाहीये. हे काम कोणाला वाटून देता येत नाही आणि एकदम सगळ्यांना मेसेज करून उरकताही येत नाही. दिवाळीच्या पार्टीत कोणीतरी विचारलं होतं, कितवा लागला? पोह्यांच्या पाकिटांपुढे उभी असताना एका बाईने प्रेमाने तिच्या पोटावर हात ठेवला होता. मग त्या बाईचे डोळे भरून आले आणि हिमानीलाच तिला पाणी द्यावं लागलं. स्वतःचं जे काही वाटत होतं ते वाटत होतंच. त्याहून दमवणारं होतं ते दुसऱ्यांची समजूत काढणं. म्हणून यावेळी ठरलं होतं की स्कॅन नीट होईपर्यंत कोणालाही सांगायचं नाही. तिच्या आईला नाही, मैत्रिणींना नाही, मंडळात तर नाहीच नाही.

कळलं होतं ते फक्त सासूबाईंना, तेही कोणी न सांगता. अहिल्याबाई नागपूरहून थंडीतच आल्या होत्या, कारण तिकीट तेव्हाच स्वस्त मिळालं. सासरे मोरेश्वरराव थंडीला भिऊन घरीच राहिले. अहिल्याबाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. आल्यापासून त्या बघत होत्या की सून सकाळी उठते, कोणाशी बोलत नाही आणि सिंकपाशी जाऊन उभी राहते. त्यांनी काही विचारलं नाही. एके दिवशी हिमानीच्या उशाशी चुरमुऱ्यांचा डबा आणून ठेवला आणि म्हणाल्या, "पाय जमिनीला लावायच्या आधी मूठभर खायचे. कोरडे." हिमानीने डब्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. "आई, कोणाला—" "मला कोण विचारतंय," अहिल्याबाई म्हणाल्या.

प्रश्न आला तो दुकानाच्या पार्किंगमध्ये.

ग्रोसरीच्या दुकानाच्या दाराला लागून दोन निळ्या जागा होत्या, अपंगांसाठीच्या. त्यांच्या शेजारी एक जागा गुलाबी पाटीची. पाटीवर चोचीत गाठोडं धरून उडणारा पक्षी, आणि खाली लिहिलेलं की ही जागा गरोदर बायकांसाठी आणि लहान मुलं बरोबर असलेल्या आईवडिलांसाठी राखून ठेवली आहे. बर्फ पडून गेलं होतं, ते हटवणाऱ्या गाडीने अर्ध्या पार्किंगवर त्याचा डोंगर करून ठेवला होता आणि उरलेल्या जागेत शनिवारची गर्दी.

"हा पक्षी कशाला काढलाय?" पुढच्या सीटवरून अहिल्याबाईंनी विचारलं.

"बगळा गं आई," गाडी चालवता चालवता अनीश म्हणाला. "इकडे बाळ बगळा आणतो."

"करकोचा आहे तो. बगळा उडताना मान आखडून घेतो. याची बघ, सरळ आहे." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि आणतो कुठून?"

"ते कोणी विचारत नाही."

"मग लाव ना इथेच. मोकळी आहे. हिच्यासाठीच आहे ही."

"नाही," मागून हिमानी म्हणाली.

"अगं, डॉक्टरीणबाईच म्हणाली ना, घसरू नको म्हणून. त्या टोकापासून इथवर नुसती काच झालीय जमिनीची."

"मी हळू चालेन."

"कायदा नाहीये तो," अनीश म्हणाला. "निळ्या जागेचा कायदा आहे, तिथे दंड होतो. ही नुसती कर्टसी. लोकांनी लोकांशी नीट वागावं म्हणून. पोलीस वगैरे नाही येत."

"म्हणूनच तर," हिमानी म्हणाली. "कायदा असता तर दंड भरून मोकळं होता आलं असतं. इथे लोक बघतात. मी या जागेवर उतरले की सगळे आधी माझ्या हाताकडे बघणार, मूल नाही. मग पोटाकडे बघणार, पोट नाही. मग दोनच अर्थ निघतात. एक तर ही बाई निर्लज्ज आहे, नाही तर हिला नुकतेच दिवस गेलेत. आणि आपल्या गाडीवर तर आपली नावं लिहिलीत."

अहिल्याबाईंना हे पटलं नाही. अनीशने गाडी बर्फाच्या डोंगरापाशी नेऊन लावली. सासूने सुनेचा दंड धरला, सुनेने सासूचा, आणि कोणाला कोण सांभाळतंय हे दोघींनीही न ठरवता त्या दारापर्यंत आल्या.

पुढच्या आठवड्यात पाऊस पडला आणि पडता पडता गोठला. संक्रांत होऊन गेली होती. मंडळातल्या प्रीताच्या घरचं हळदीकुंकू रविवारी होतं आणि हिमानीकडे नेहमीप्रमाणे गुळपोळ्यांचं काम होतं. घरात गूळ कमी पडला. हिमानी सोफ्यावर आडवी होती. मायलेक दोघेच दुकानात गेले.

त्या दिवशी पार्किंगमध्ये खरंच जागा नव्हती. अनीशने फेऱ्या मारल्या, दोनदा एका माणसाच्या मागे आशेने गेला, तो माणूस नुसता डिकीत पिशव्या ठेवून परत आत गेला. अहिल्याबाईंचा गुडघा थंडीत आखडला होता. "तू दाराशी उतर, मी गाडी लावून येतो," तो म्हणाला. "एकटी आत जाऊन काय करू? ते कार्ड घासायला मला येत नाही," त्या म्हणाल्या. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. गुलाबी पाटीखालची जागा मोकळी होती.

अनीशने गाडी आत घातली.

"अरे, इथे नको म्हणाली होती ती."

"ती गाडीत असती तर. ती कुठाय? ती नाही म्हटल्यावर कोणाला काय कळणार? पाच मिनिटांचं काम."

हे बोलताना त्याला ते अगदी बरोबर वाटलं. पुरुषांना कधी कधी असं वाटतं की बायको घरी असली की गाडीवरचं तिचं नावही घरीच असतं.

"पण पाटीवर मूल लिहिलंय," अहिल्याबाई म्हणाल्या. जन्मभर पाट्या वाचायला शिकवलेली बाई. "मूल कुठंय?"

"मी आहे ना. तुझं मूल."

खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलं. सहा फुटी मुलाचा हात धरून त्या गुळाच्या ढेपा बघायला आत गेल्या.

ते आत असताना प्रीता आली. प्रीता मंडळाची सेक्रेटरी. सगळ्यांचे वाढदिवस तिच्या लक्षात असत आणि मदतीला पहिली तीच पोचे. मागच्या सीटवर तिची तान्ही आन्या, झोप मोडल्यामुळे रडत होती. प्रीताही फेऱ्या मारत होती, गुलाबी पाटीशी येऊन तिने पाहिलं, जागा भरलेली. मग नंबरप्लेट पाहिली.

दुसरी कोणी असती तर चिडली असती. प्रीता गाडी तिथेच थांबवून क्षणभर हसत बसली. मग तिने डोंगरापलीकडे गाडी लावली, आन्याचं पाळणावजा कारसीट एका हाताला अडकवलं आणि बर्फाच्या चिखलातून, बुटात पाणी जात असताना, दारापर्यंत आली. त्या चालण्याचं तिला काही वाटलं नाही. आत गेल्यावर तिने हिमानीला शोधलंही नाही. स्वतःहून सांगेपर्यंत विचारू नये एवढं तिला कळत होतं.

आणि तिने हे कोणालाही सांगितलं नाही. फक्त मंडळातल्या नीनाला सांगितलं, कारण नीनाला सांगणं म्हणजे सांगणं कोणी धरत नाही. नीनानेही कोणाला सांगितलं नाही, म्हणजे तिच्या समजुतीने.

हिमानीला कळलं ते नॅपकिन्समुळे.

मंडळात जेवणं सगळ्यांनी वाटून करायची असतात. कोण काय आणणार हे प्रीता ठरवते आणि त्यात कोणी बोलत नाही. भाजी आणणाऱ्या वेगळ्या, भात आणणाऱ्या वेगळ्या, आणि ज्यांना पोळ्या चांगल्या येतात त्यांची सुटका नाही. नॅपकिन्स आणि कागदी प्लेट्स आणायचं काम फक्त दोन प्रकारच्या बायकांना मिळतं: एक, ज्यांना स्वयंपाक येत नाही असं एकमताने ठरलंय, आणि दोन, ज्यांना दिवस गेलेत. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मोडलेलंही कोणी पाहिलेलं नाही.

शुक्रवारी प्रीताचा मेसेज आला. 'हिमानी, गुळपोळ्या नीना करतेय. तू फक्त नॅपकिन्स आण गं. आरामात ये.' पुढे एक लाल हृदय.

हिमानीने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"तू कोणाला सांगितलंस?"

"मी? कोणालाच नाही," अनीश म्हणाला.

"आई?"

"मी फोनवर मोरेश्वररावांनासुद्धा हवामानच सांगते."

"मग मला नॅपकिन्स का आले?"

अनीशला काही क्षण लागले. मग त्याचा चेहरा असा झाला की हिमानीला पुढे विचारायची गरज पडली नाही. त्याने सांगितलं. गुडघ्याचं सांगितलं, हॉर्नचं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "पण तू तर गाडीत नव्हतीस."

"गाडी होती ना, यार."

ती उठली, खिडकीपाशी गेली, खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "गुरुवारी स्कॅन आहे. आता पुन्हा सगळ्यांना माहीत आहे. काही झालं तर पुन्हा मी पोह्यांच्या पाकिटांपुढे उभी. मला नाही जमणार परत. रविवारी मी जात नाहीये."

"गेली नाहीस तर पक्कंच होईल," अहिल्याबाई म्हणाल्या. "म्हणतील, उलट्या होत असतील."

"मग गेले तर काय सांगू? माझा नवरा निर्लज्ज आहे? गाडी तिथे का होती हे कोणी विचारणारच नाही, नुसत्या माझ्याकडे बघून हसतील."

"तू काही सांगू नको. मी बघते."

"तुम्ही काय बघणार, आई?"

"वर्गात खोडी होते ना, तेव्हा सगळा वर्ग खाली मान घालून बसतो. एक पोरगं उभं राहिलं, मी केलं म्हणालं, की बाकीच्यांकडे कोणी बघत नाही." त्यांनी शाल सारखी केली. "मी कधी उभी राहिले नव्हते. राहून बघते."

रविवारी दुपारी प्रीताच्या दिवाणखान्यात पैठण्या आणि त्यांच्याखाली लोकरीचे मोजे असा सगळा थाट होता. दाराशी बुटांचा ढीग, सोफ्याच्या कोपऱ्यात झोपाळ्यात आन्या, टेबलावर तिळगूळ, आणि वाण म्हणून एकेक सिलिकॉनचं उलथनं, रिबिन बांधून. हिमानी आत आली आणि कोणी काही बोललं नाही. तेच वाईट होतं. सगळ्या गालिच्यावर बसल्या होत्या. तिच्यासाठी डायनिंग टेबलाची खुर्ची आली. पाठीला उशी आली. सगळ्यांना कॉफी आली, तिला न मागता हळदीचं दूध आलं. नीनाने जाता जाता तिचा खांदा दाबला. हिमानी नॅपकिन्सचं पाकीट मांडीवर धरून बसली.

कुंकू लावून झालं, उखाण्यांचा आग्रह सुरू व्हायचा होता, तेवढ्यात अहिल्याबाईंनी घसा खाकरला. शाळेतली सवय. खोली आपोआप गप्प झाली.

"प्रीता, तुला एक विचारायचं होतं बाई. ते दुकान आहे ना आपलं, त्याच्या दाराशी करकोच्याची पाटी आहे. तिथे गाडी लावली तर चालतं ना?"

प्रीता हसली. हिमानीकडे एक नजर टाकून हसली. "ज्यांच्यासाठी आहे त्यांना चालतं ना, काकू."

"नाही, परवा मी अनीशला लावायला लावली. गूळ आणायला गेलो होतो दोघं. माझा गुडघा फार धरला होता."

"दोघं म्हणजे?"

"मी आणि अनीश. हिमानीची ऑफिसची मीटिंग होती, ती घरीच होती."

मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा खुर्चीवरून उठल्या आणि गालिच्यावर, आखडलेला पाय पसरून बसलेल्या अहिल्याबाईंवर जाऊन बसल्या.

"म्हणजे गुडघ्यासाठी?" प्रीताने विचारलं.

"हो ना. पाटीवर आई आणि मूल असं लिहिलंय. आम्ही आई आणि मूलच होतो."

दोघीतिघी हसल्या. "काकू, तुमचं मूल गाडी चालवतं," नीना म्हणाली. "मूल दाढी करतं."

प्रीता हसली नाही. हिमानीसाठी म्हणून चाललेलं अंतर तिला जड गेलं नव्हतं. तेच अंतर आता मागाहून तिच्या पायात दुखायला लागलं. "काकू, मी त्या दिवशी आन्याला घेऊन त्या टोकापासून चालत आले. हे कारसीट केवढं जड असतं माहीत आहे? बूट भिजले. मी घसरले असते तर?"

"चुकलं माझं."

"ते म्हणजे कसं आहे ना काकू," हिरव्या पैठणीतली एक मुलगी पुढे सरकून सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली, "इथे ना, रिझर्व्ह्ड म्हणजे राखीव. म्हणजे दुसऱ्यासाठी ठेवलेली. आपली नाही."

"हो का," अहिल्याबाई म्हणाल्या.

"आणि पोलीस येत नाही म्हणून काय झालं? आपल्या लोकांनी असं केलं की मग सगळ्यांचंच नाव खराब होतं. इकडे आलं की इकडचं शिकायला हवं ना."

"शिकायला हवं."

"अनीशला तरी कळायला हवं होतं," आणखी कोणीतरी म्हणालं.

"तो नकोच म्हणत होता. मीच हट्ट केला."

तेवढ्यात बेसमेंटच्या पायऱ्या चढून कोणाची तरी वयस्कर मावशी आली. "हिमानी, मावशींना देशील का गं खुर्ची? तू खाली बसशील ना?" हिमानी लगेच उठली आणि गालिच्यावर बसली. उशी मावशींकडे गेली. हळदीचं दूध कोणीतरी उचललं आणि त्या जागी कॉफी ठेवली, इतरांसारखी. तिचं गुपित पुन्हा तिचं झालं होतं. हेच तर तिला हवं होतं. हिरवी पैठणी अजून अहिल्याबाईंना निळी जागा आणि गुलाबी जागा यांतला फरक समजावत होती, आणि जिने दोन पिढ्यांना नकाशे वाचायला शिकवले ती बाई शाळेतल्या मुलीसारखी हात मांडीवर ठेवून मान हलवत होती.

हिमानीला ते बघवेना. ती नॅपकिन्स घेऊन स्वयंपाकघरात गेली.

प्रीता प्लेट्स भरत होती. तिला बघताच तिने डाव खाली ठेवला. "सॉरी यार हिमानी. मी गाडी बघितली आणि मला वाटलं… मला फार आनंद झाला होता, म्हणून. मी नीनाला पण बोलले. आणि तिने, तुला माहीतच आहे ती कशी आहे. काळजी करू नको. मी आजच सगळ्यांना सांगते की काही नाहीये."

काही नाहीये. हे शब्द हिमानीने मागच्या हिवाळ्यात इतक्या वेळा उच्चारले होते की त्यांची चव तिला पाठ होती. तेव्हा ते खरे होते. आता प्रीता ते बाहेर जाऊन, हसत, सगळ्यांना सांगणार होती, आणि ते खरे नव्हते. हिमानीचा शकुन-अपशकुनांवर विश्वास नव्हता. तरीही ते कोणी मोठ्याने बोलू नये असं तिला एकदम वाटलं.

"आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?" प्रीताने विचारलं.

"आहे. पण तू समजलीस ते चुकूनच समजलीस. गाडी खरंच आईंच्या गुडघ्यासाठी तिथे लावली होती. त्या माझ्यासाठी बोलणी खाताहेत."

"अगं बाई." प्रीताने दोन्ही हात पुढे केले.

"नाही. मिठी नको. कोणी आत येईल." हिमानीने नॅपकिन्सचं पाकीट फोडलं आणि त्यांच्या घड्या घालत बोलत राहिली, प्रीताकडे न बघता. "गुरुवारी स्कॅन आहे. नीट झालं तर मी सांगेन, मला वाटेल तेव्हा. नीट नाही झालं तर तू सांगायचंस."

"काय?"

"तेच, काही नाहीये. एकेकीला गाठून तू सांगायचं. मी नाही. कोणी माझ्याकडे तोंड पाडून यायचं नाही, कोणी दुकानात हात लावायचा नाही. आणि ज्या रडतील त्यांना पाणी तू द्यायचंस. तुझी सेक्रेटरीगिरी तिथे वापर."

प्रीताचे डोळे भरले होते. तिने ते नॅपकिनने पुसले आणि घडी घातलेल्यांतला तो नॅपकिन कचऱ्यात टाकला. "देईन," ती म्हणाली. "पण तशी वेळ—"

"तसं काही बोलू नको. नुसतं हो म्हण."

"हो."

"बरं."

बाहेरून हसण्याचा आवाज आला. हिरवी पैठणी अजून बोलत होती.

"मग आता काकूंना मी सॉरी म्हणते," प्रीता म्हणाली. "बिचाऱ्या."

"अजिबात नाही. तू एकदम गोड झालीस तर सगळ्यांना संशय येईल. सगळ्यात जास्त तर तूच चिडली होतीस."

प्रीताने विचार केला. "म्हणजे मी आता परत जाऊन त्यांना…"

"हो."

"त्यांना माहीत नसताना की मला माहीत आहे?"

"त्यांना गाडीत सांगेन मी."

प्रीताने प्लेट्स उचलल्या, दारापाशी थांबून श्वास घेतला आणि बाहेर गेली. अभिनय तिला येत नसे. मंडळाच्या नाटकात तिला कायम पडदा ओढायला ठेवत. "आणि काय हो काकू," ती एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली की झोपाळ्यात आन्या दचकली, "तुम्ही तर शिक्षिका ना? मुलांना रांगेत उभं राहायला शिकवलं असेल तुम्ही!"

नीनाने सुद्धा "अगं, जाऊ दे," असं तोंडातल्या तोंडात म्हटलं.

"शिकवलं होतं," अहिल्याबाई म्हणाल्या. "पण मला एक सांग, मूल किती वयापर्यंत धरतात?"

एक म्हणाली दोन वर्षं, एक म्हणाली कारसीटमधून सुटेपर्यंत, एक म्हणाली मग माझा वेदांत सात वर्षांचा आहे पण तो पार्किंगमध्ये पळत सुटतो, त्याचं काय? मावशी खुर्चीवरून म्हणाल्या की मूल आईपुढे कधी मोठं होतं का, आणि अर्धी खोली त्यांच्या बाजूने झाली.

"आणि गरोदर म्हणजे तरी कितव्या महिन्यापासून?" नीनाने विचारलं. "पोट दिसायला लागल्यावर ना?"

"पहिल्या दिवसापासून," प्रीता म्हणाली. फारच पटकन म्हणाली, आणि ते लक्षात येऊन लगेच अहिल्याबाईंकडे वळली. "पण गुडघ्यासाठी नाही. कधीच नाही."

"नाही बाई, आता कधीच नाही," अहिल्याबाई म्हणाल्या.

हिमानी येऊन त्यांच्या शेजारी गालिच्यावर बसली. सगळ्यांदेखत त्यांना काही बोलता येत नव्हतं, म्हणून तिने त्यांच्या पुढ्यातली प्लेट उचलून त्यांच्या हातात दिली. अहिल्याबाईंनी गुळपोळीचा तुकडा तोडला, चावला, आणि फक्त तिला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही प्रीता बोलते फार गं. पण बघ, तुझ्याकडे कोणाचं लक्ष नाहीये."

"हो, आई," हिमानी म्हणाली.

"किती वेळ बोलेल अजून?"

"आपण निघेपर्यंत."

"बोलू दे," अहिल्याबाई म्हणाल्या, आणि प्रीता समोर येऊन उभी राहिली तशी त्यांनी पुन्हा मान खाली घातली.